राखणीच्या कुत्र्यासाठी घरचे भोपळ्याचे रोडगे



गाईम्हशींचा खुराक, शेळ्यांचा पाला, कोंबड्यांचं खाद्य यांबद्दल या कार्यक्रमातून तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. आज बोलायचं आहे ते गोठ्याच्या दाराशी अंग मुडपून बसणाऱ्या प्राण्याबद्दल. कुत्रा दूध देत नाही, नांगर ओढत नाही, म्हणून त्याच्या खाण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण रात्री मक्यात डुकरं शिरली, की पहिला आवाज त्याचाच येतो. मेंढरांचा कळप माळावर बसतो तो त्याच्याच भरवशावर.

तर, भाजी आणि फळं घालून कुत्र्यासाठी घरीच भाजायचा खाऊ, असा आजचा विषय आहे. काहींना हसू येईल. घरच्या पोरांना खाऊ मिळताना मारामार, तिथं कुत्र्याचे लाड कुठले, असंही कोणी म्हणेल. जरा पुढचं ऐका, मग ठरवा. यासाठी बाजारातून काही आणायचं नाही. आणि कुत्र्याला आज आपण जे घालतो, त्यात काही गोष्टी अशा आहेत की त्यांनी त्याचा जीवही जाऊ शकतो.

आपला कुत्रा खातो काय? शिळी भाकरी आणि तिच्यावर उरलेलं कालवण. यातली भाकरी चांगली आहे. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला खरा, पण माणसाच्या संगतीत राहून त्याचं पोट बदललं आहे. पिठूळ अन्न पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असते, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दोघांच्या जनुकांची तुलना करून दाखवून दिलं. तेव्हा ज्वारी-बाजरीची भाकरी त्याला खुशाल घाला. घात होतो तो कालवणाने. त्यात मीठ-मिरची असते, ती एक वेळ सोडा. पण कांदा आणि लसूण सोडता येत नाहीत.

कांदा-लसणात असं एक द्रव्य असतं, की ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. कांदा शिजवला, तळला, वाळवून त्याचा मसाला केला, तरी ते जात नाही. वजनाच्या मानाने दर किलोला ५ ग्रॅम कांदा एका वेळी पोटात गेला, तर बाधा होऊ शकते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम. एक मध्यम कांदा झाला. रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवस जातात. मग कुत्रा मलूल पडतो, हिरड्या पांढऱ्या दिसतात, लघवी तांबूस होते. घरातली माणसं म्हणतात, ‘काहीतरी चावलं असेल.’

म्हणून भगिनींना एक सांगणं आहे. वरण शिजलं, की फोडणी देण्याआधी कुत्र्याचा वाटा बाजूला काढा. एक वाटी बिनफोडणीचं, बिनमिठाचं वरण. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

आता रोडग्यांकडे वळू. विदर्भ-मराठवाड्यात रोडगे आणि खानदेशात बट्टी घरोघर होते, त्यामुळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायची रीत तुम्हाला शिकवायला नको. कुत्र्याचा रोडगा त्याच जातीचा, फक्त लहान आणि बिनमिठाचा. दोन वाट्या ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ घ्या. लाल भोपळ्याच्या फोडी साल काढून वाफवा आणि कुस्करून वाटीभर लगदा करा. त्यात एक अंडं फोडा, चमचाभर गोडं तेल घाला आणि घट्ट मळा. पाणी बहुतेक लागत नाही, भोपळ्याचं सुटतं तेवढं पुरतं. ज्वारीचा गोळा फुटत असेल तर मूठभर गव्हाचं पीठ मिसळा. मीठ नको, पापडखार नको, ओवा-हिंगही नको. गूळसुद्धा नको. मांजराला गोड चव कळत नाही, पण कुत्र्याला कळते. भोपळ्याची गोडी त्याला पुरेशी आहे.

लिंबाएवढे गोळे करून चपटे दाबा. गोवऱ्यांचा जाळ बसून वर राख धरली, की निखाऱ्यात ठेवा आणि उलटसुलट करत अर्धा-पाऊण तास भाजा. राख झटकून घ्या. घरात गॅस असेल तर जाड तव्यावर अर्ध्या बोटाच्या जाडीची पोळी थापून, सुरीने चौकटी पाडून, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा मिनिटं भाजा. घाई केली तर वरून करपतं आणि आत ओलं राहतं. एक तुकडा मोडून बघा. आत ओल दिसली तर उतरवू नका. भाजून झाल्यावर एक-दोन उन्हं द्या, म्हणजे तुकडे कडक होतात आणि टिकतात. वाळत घालताना वर जाळी किंवा फडकं टाका, नाहीतर कावळेच खाऊन जातील.

भोपळा नसला तर अडत नाही. उकडलेलं रताळं चालतं, किसलेलं गाजर चालतं, पिकलेलं केळं कुस्करून घातलं तर फारच आवडतं. डागाळलेली, बाजारात न खपणारी केळी यासाठी उत्तम. घेवड्याच्या शेंगा आणि मटारचे दाणे वाफवून, ठेचून घालावेत. सफरचंद, पपई, आंबा यांचा नुसता गर घ्यावा. पेरू थोडा. मात्र भाजी किसलेली किंवा शिजवलेली हवी. कुत्रा चावत बसत नाही, गिळतो. गाजराचा कच्चा तुकडा जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. दुधी घालणार असाल तर आधी चाखून बघा. कडू लागला तर कुत्र्यालाही नको आणि तुम्हालाही नको. फवारणी केलेल्या शेतातला माल असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडू नका, आणि धुऊनच वापरा.

बिया आणि कोयी मात्र एकही जाता कामा नये. आंब्याची कोय आतड्यात अडकते. सीताफळाच्या बिया विषारी असतात, चिकूची बी टोकदार असते. मक्याचं दाणे काढलेलं कणीस आपण सहज फेकतो, तेही आतड्यात अडकून बसतं आणि मग पोट फाडून काढण्यावाचून इलाज राहत नाही.

आता नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागायतदारांनी विशेष लक्ष द्यावं. द्राक्षं कुत्र्याला विष आहेत. बेदाणे आणि मनुका त्याहून वाईट, कारण साधारण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो. कुत्र्याने मूठभर बेदाणे खाल्ले म्हणजे द्राक्षांचा मोठा घड खाल्ल्यासारखंच झालं. पहिल्या दिवशी उलट्या होतात, खाणं सुटतं. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन लघवी बंद पडते. २००१ सालापासून पशुवैद्यांना हा प्रकार माहीत झाला, पण कारण कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणजे चिंच घातलेली आमटी कुत्र्याला नको, याला हे आणखी एक कारण.

‘आमचा कुत्रा पाच वर्षं बागेतली द्राक्षं खातो, त्याला काही झालं नाही,’ असं कोणी सांगेल. ते खोटं नसेल. द्राक्ष कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही. एकाला पचतं, दुसरा दगावतो. आपला कुत्रा कोणत्या जातीचा आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून काढणीच्या दिवसांत गळालेले मणी आणि नासके घड गोळा करून खड्ड्यात पुरा, आणि बेदाण्याच्या शेडवर कुत्रा मोकळा सोडू नका. खाल्लेच, तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याचा उद्योग करू नका. मिठानेही कुत्रा मरतो.

चॉकलेट आणि चहाची भुकटी त्याला अपायकारक आहे. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. खेड्यातल्या टपरीवरही आता असला माल येतो, म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. उंदरांसाठी आपण झिंक फॉस्फाईडचं आमिष करतो ते कशात? पिठात, गूळ आणि तेल घालून. आपला रोडगाही पिठाचा आणि तेलाचाच. एकाची चटक लागलेला कुत्रा दुसरं सोडेल असं समजू नका. आमिष बिळाच्या आत ढकलून तोंड मातीने बुजवा, त्या दिवसांत कुत्रा बांधून ठेवा आणि मेलेले उंदीर वेचून पुरून टाका. आमिष कालवलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. या विषाला उतारा नाही.

द्यायचं किती? आपला गावठी कुत्रा भरला तर १५ ते २० किलोचा असतो. एवढ्याला सुपारीएवढे पाच-सहा सुके तुकडे दिवसाला बस्स झाले. हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापलीकडे तो जाऊ नये. पहिल्या दिवशी एकच तुकडा द्या, जुलाब झाले नाहीत तर वाढवा. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात गेले असतील तर कोमट पाण्यात भिजवून द्या.

जेवण वेगळं. दोन-अडीच भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, एक उकडलेलं अंडं किंवा त्या बदल्यात गोड दही, एवढं २० किलोच्या कुत्र्याला दिवसभरात मिळालं तर त्याची हाडं दिसणार नाहीत. नुसत्या भाकरीवर पोट भरतं पण अंग धरत नाही. अंड्याची टरफलं फेकू नका. उकळून, वाळवून, बारीक पूड करून चिमूटभर भाकरीवर टाका. भाकरीत कॅल्शियम कमी पडतं ते भरून निघतं. शिजलेली हाडं मात्र देऊ नका, ती चिरफळतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

या तुकड्यांचा खरा उपयोग हाताला वळण लावण्यासाठी आहे. शीळ घातली, कुत्रा आला, तुकडा दिला. आठ-पंधरा दिवस हे केलं की रस्त्यावर मोटारीमागे धावणारा कुत्राही एका शिळेत मागे फिरतो. जंताची गोळी द्यायची असेल तर मऊ रोडग्याच्या पोटात घाला, ओढाताण लागत नाही. गोळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी द्यावी, मेंढपाळांनी तर विसरूच नये. कापलेल्या शेळीमेंढीचं कच्चं काळीज-फुफ्फुस कुत्र्याने खाल्लं, तर त्यातून होणाऱ्या पट्टकृमींची अंडी त्याच्या विष्ठेतून मेंढरांत आणि माणसांतही जातात, आणि माणसाच्या काळजात पाण्याच्या गाठी धरतात. तसंच पिसाळीची लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढे पशुवैद्यक सांगतील तशी, आणि मग दरवर्षी. दवाखान्याच्या दारात अडून बसणारा कुत्रा खिशात चार तुकडे असले की आपणहून आत येतो.

शेवटी साठवण्याबद्दल. कडक वाळलेले तुकडे झाकणाच्या कोरड्या डब्यात उन्हाळ्यात आठ-दहा दिवस राहतात. पावसाळ्यात तीन-चार दिवसांपुरतेच करा. मऊ रोडगे दोन दिवसांत संपवा. पीठही निवडून घ्या. कणगीतला भिजलेला मका, खवट शेंगदाणे, बुरशी धरलेली पेंड ‘कुत्र्याला चालेल’ म्हणून दळू नका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्याने पुरतं जात नाही, आणि त्याने कुत्र्याचं यकृत फार लवकर बिघडतं. डब्यातला तुकडा मोडल्यावर आत हिरवट-काळं दिसलं तर सगळा डबा रिकामा करा. पण उकिरड्यावर टाकू नका, कुत्रा तिथूनही उचलून आणेल. खोल खड्डा करून पुरा, आणि डबा उन्हात तापवून मगच पुढचा घाणा भरा.