सांगोल्याचे आबासाहेब
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, सांगोला तालुक्यातल्या मुक्कामी केलेलं भाषण)



विणेकरी, चोपदार, अन्नदाते यांच्या आठवणी निघत असताना एका आमदाराचं नाव कशाला, असं काही जुन्या वारकऱ्यांनी विचारलं. विचारणं रास्त आहे. दिंडीत राजकारण आणायचं नाही, हा आपला दंडकच आहे. पण आपली वाट सांगोला तालुक्यातून जाते. या वाटेवर घोटभर पाण्यासाठी दारोदार उभं राहिलेली माणसं आजही आपल्यात बसली आहेत. तेव्हा गणपतराव देशमुखांना टाळून पुढं जाता येणार नाही.

आबासाहेब मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकील झाले, सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा आमदार झाले. एकाच तालुक्यातून, एकाच पक्षाकडून एकूण ११ वेळा निवडून आले. मधे दोनदा हरलेही. १९९५ ला तर अवघ्या १९२ मतांनी. १९७८ ला आणि पुन्हा १९९९ ला मंत्री झाले, तेवढं सोडलं तर बहुतेक काळ विरोधी बाकावरच. सत्तेसाठी पक्ष बदलला नाही. वारी न चुकवणाऱ्याला या नेमाची किंमत वेगळी सांगायला नको.

माण नदी पुढं भीमेलाच मिळते, पण इथं तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त बघितली आपण. पाऊस नाही, हे दुखणं देवाचं म्हणू. पण कृष्णेचं पाणी खाली वाहून जातं आणि वरच्या माळाला मिळत नाही, हे दुखणं माणसांचं. आबासाहेबांनी ते धरलं. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि ते, १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. १३ दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथं यायची. अण्णांचा वाळवा तर कृष्णाकाठचा. त्यांना काय कमी होतं? तरी ते कोरड्या शिवारासाठी भांडले. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं इकडं आणायच्या योजनेसाठी या लोकांनी वर्षानुवर्षं तगादा लावला. पाणी आलं, पण उशिरा आलं, आणि सगळ्या शिवारांत पोचलं असं आम्ही म्हणणार नाही. अर्धी हयात त्यातच गेली.

सूतगिरणीचंही तसंच. कापसाचा तालुका नाही, तरी सहकारी सूतगिरणी उभी केली, बायांसाठी वेगळी काढली. नाहीतर ऊसतोडीला घर बंद करून जाणं ठरलेलं.

एस.टी.त ‘आमदारांसाठी राखीव’ अशी पाटी असते. त्या जागेवर आमदार बसलेला तुम्ही कितीदा बघितला? सांगोल्याच्या लोकांनी बघितला, आणि त्याचं त्यांना नवलही वाटेनासं झालं होतं.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. दहाच दिवसांपूर्वी आषाढी झाली होती. कोरोनामुळे पायी वारी बंद. पादुकासुद्धा त्या वर्षी एस.टी.नंच पंढरपूरला गेल्या. आपली दिंडी घरीच होती, त्यामुळे दिंडीचा हार त्यांना घालायचा राहिला. आज त्यांच्याच तालुक्यात मुक्काम आहे. विणेकरीबुवा, त्यांच्या नावानं एक अभंग घ्या.