गृहकर्ज मुदतीआधी फेडताना

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात कुणीतरी डॉक्टर, प्राध्यापक बोलतात. यंदा कार्यकर्त्यांनी आम्हाला उभे केले. कारण एवढेच की फेब्रुवारीत आमचे वीस वर्षांचे गृहकर्ज साडेअकरा वर्षांत फिटले आणि ही बातमी गल्लीभर झाली. आम्ही अर्थतज्ज्ञ नाही. स्थापत्यचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरी करणारा साधा माणूस. तेव्हा आज फक्त आमच्या घरात घडले तेच सांगतो. त्यात एक चूकही आहे, तीही सांगतो. खरे तर ती सांगायलाच उभे राहिलो आहोत.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. वडिलांनी सांबऱ्यात प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर २०१३ साली आम्ही घर बांधायला काढले. बँकेकडून पंधरा लाख घेतले, व्याज तेव्हा दहा टक्के, मुदत वीस वर्षे, हप्ता १४,४७५ रुपये. त्या वेळच्या पगारात हप्ता गेला की उरलेल्या पैशात महिना काढताना विसाव्या तारखेलाच घाम फुटायचा.

पहिल्या वर्षाचे स्टेटमेंट घरी आले तेव्हा डोळे उघडले. बारा महिन्यांत आम्ही १,७३,७०० रुपये भरले होते आणि मुद्दल कमी झाले होते फक्त २४,८०० च्या आसपास. बाकी सगळे व्याज. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, वर्षभर राबून आपण एक खोलीसुद्धा सोडवली नाही?" आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वीस वर्षांत पंधरा लाखांवर एकोणीस लाखांहून जास्त व्याज जाणार होते. पण त्याच हिशोबात एक गोष्ट सापडली. सुरुवातीलाच हप्त्याव्यतिरिक्त पंचवीस हजार भरले असते, तर कर्ज पूर्ण एक वर्ष पुढे सरकले असते. म्हणजे शेवटचे बारा हप्ते, पावणेदोन लाखांच्या घरातली रक्कम, वाचली असती. हीच जादा रक्कम पंधराव्या वर्षी भरली तर एवढा फायदा होत नाही, कारण तोवर व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो. म्हणून फेडायचे तर लवकर, अगदी थोडे थोडे का होईना.

शिवाय रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच सांगितले आहे की बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकेने मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घ्यायचा नाही. आमच्या ऑफिसात आजही अर्ध्या लोकांना हे माहीत नाही. आपल्या पूर्वजांनी कर्जाच्या कागदासाठी काय काय सोसले! १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा कुठे चार वर्षांनी सरकारने कायदा केला. १९०५ साली आपल्या गदगजवळच्या कणगिनहाळला शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली, तीही सावकारीतून सुटण्यासाठी. आज आपल्या बाजूने नियम आहेत, कर्जाचे स्टेटमेंट मोबाइलवर येते, आणि आपण ते उघडून बघत नाही.

आम्हाला घाई असण्याचे आणखी एक कारण होते. आम्ही नोकरीला लागलो २००७ साली. राज्यात १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. साठाव्या वर्षी हातात काय येईल ते बाजारावर अवलंबून. मग निवृत्तीच्या आधी डोक्यावरचे छप्पर तरी मोकळे हवे, असे आम्ही उभयतांनी ठरवले.

आणि आम्ही इरेला पेटलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर पाच तारखेला शिल्लक मुद्दल लिहायचे. लिहिण्याचे काम मुलीकडे. महागाई भत्ता वाढला की फरक कर्जात. पंधरा दिवसांची अर्जित रजा सरकारला देऊन मिळालेले पैसे कर्जात. सौ. शहरातल्या एका खाजगी शाळेत शिकवतात, त्यांच्या भिशीचा नंबर लागला की तोही कर्जात. पाहुण्यांकडे जाणे कमी केले. दिवाळीला कपडे फक्त मुलीला. आकडा खाली उतरताना बघून एक प्रकारची नशा चढते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता ती चूक. २०१७ चा पावसाळा होता. आमची आई पहाटे परसात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेले तर रक्तदाब भलताच वाढलेला. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चालू आहेत ना? आम्ही छातीठोकपणे हो म्हणालो. घरी येऊन सौ. नी डबा उघडला तर आत गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे. आई वर्षभर अर्धीच गोळी घेत होती. विचारले तर म्हणाली, "अर्धीनं भागतंय की रे. तुमचं बँकेचं एकदा फिटू दे."

आम्ही तिला कधीही खर्च कमी कर म्हटले नव्हते. पण म्हणायची गरजच कुठे होती? कॅलेंडरवरचा आकडा तिलाही दिसत होता. त्या तीन दिवसांच्या दवाखान्याला जे लागले, त्यात तिच्या कित्येक वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. पैशाचे सोडा. डोक्याला मार लागला असता तर? ज्या माणसांसाठी घर बांधले, त्यांनाच त्या घराचा हप्ता होऊन राहावे लागत होते. त्या रात्री मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, शाळेच्या सहलीचा कागद मी तुम्हाला दाखवलाच नव्हता." आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर भिंतीवरून काढले आणि आम्ही नवा नियम केला. आधी घर, मग बँक. औषध, शाळेची फी, विमा आणि तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक, यांना कर्जासाठी हात लावायचा नाही. त्यानंतर जो जादा रुपया येईल त्यातले आठ आणे घराला आणि आठ आणे मुद्दलाला. सहल, सण, पाहुणा सगळे घराच्या आठ आण्यांत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा पिताना आईसकट सगळ्यांनी बसायचे आणि प्रत्येकाने आपल्याला काय हवे ते बोलायचे. हिशोबाची वही सगळ्यांसमोर उघडी.

तुम्ही म्हणाल, मग कर्ज लांबले असेल. लांबले, पण फार नाही. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचे पाणी निपाणीकडच्या आमच्या बहिणीच्या घरात शिरले, भिंत पडली. त्या वर्षीची जादा रक्कम आम्ही तिला दिली, बँकेला एक पैसा जादा भरला नाही. त्याचा आम्हाला कधी पश्चात्ताप झाला नाही. बाकीच्या वर्षांत सरासरी तीस-पस्तीस हजार जादा जात राहिले. व्याजदर उतरले तेव्हा आम्ही हप्ता कमी करून घेतला नाही, तोच ठेवला. जून २०२३ पासून शक्ती योजनेत सौ. चा बसचा पास वाचला, पाठोपाठ गृहज्योतीत विजेचे बिल गेले. महिन्याला हजार-बाराशे होतात. असा पैसा वेगळा काढला नाही तर कुठे जातो ते कळत नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून सातव्या राज्य वेतन आयोगाचा पगार लागू झाला, त्यातलेही आठ आणे. शेवटची रक्कम भिशीतून भरली. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण शाळेत फळ्यावर लिहायचो, आता पटली.

ज्यांचे कर्ज चालू आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली, घरात सोनेतारण, हातउसने किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते फेडा. त्यांचे व्याज गृहकर्जाहून बहुधा जास्त असते.

दुसरी, जादा रक्कम भरताना बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. नाहीतर उलटे होऊ शकते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांची मुदत वाढली आणि त्यांना पत्ताही नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारा. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. तुमच्या कर्जाचा दर उतरला का, हे जाऊन विचारा. आणि उतरला तर झेपत असल्यास हप्ता तोच राहू द्या.

तिसरी, "करसवलत जाईल ना" म्हणून कर्ज ओढत बसू नका. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, हे खरे. पण वीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस शंभर रुपये व्याज भरून वीस रुपयांच्या आसपास कर वाचवतो. उरलेले ऐंशी गेलेच. नव्या करपद्धतीत तर राहत्या घराला ती वजावटच नाही.

चौथी, कर्ज फिटल्यावर काम संपत नाही. बेबाकीचे प्रमाणपत्र घ्या, खात्यातून हप्ता कापण्याची सूचना रद्द करा, नोंदणी कार्यालयातून ई. सी. काढून बोजा उतरला का ते डोळ्यांनी बघा. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा की पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. आम्हाला कागद अठराव्या दिवशी मिळाले.

ते कागद आणून देवासमोर ठेवले. आई आता शहात्तर वर्षांची आहे, रोज पूर्ण गोळी घेते. तिने कागदांना हात लावून नमस्कार केला आणि विचारले, "मग आता दर महिन्याचे ते पैसे कुठं जाणार?" आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर होता. हप्ता गेला की पैसे फुटायला आठ दिवस लागत नाहीत. म्हणून त्याच पाच तारखेला तेवढीच रक्कम आता आम्ही आवर्ती ठेवीत टाकतो. मुलगी यंदा दहावीला आहे, पुढचे शिक्षण आहे.

विमानतळाचे नवे टर्मिनल २०१७ मध्ये झाले, तेव्हापासून आपल्या गावात जागांचे भाव वाढले आणि घरेही वाढली. घरांबरोबर कर्जेही आली. गल्लीतली तरुण मुले विचारतात, काका, कसे फेडले? त्यांना आम्ही हिशोब सांगतो. पण आधी एवढेच म्हणतो, आज संध्याकाळी घरी गेल्यावर आई-वडिलांच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा.