लग्नातले गाणे-बजावणे
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



आज आम्हा महिला मंडळाला लग्नातल्या गाण्या-बजावण्याबद्दल बोलायचे आहे. विषय हलका वाटेल, हसालही. पण गेल्या उन्हाळ्यात आपल्याच वस्तीतल्या एका लग्नात जे झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, म्हणून बोलतो. कोणाचे लग्न ते विचारू नका, नवरा-नवरी सुखात आहेत.

पत्रिकेवर वेळ होती १२ वाजून ३५ मिनिटे. मुहूर्त मानत नाही म्हणतो आपण, पण ही पस्तीस मिनिटे काही सुटत नाहीत! असो. वरात डीजेपुढे नाचत नाचत हॉलवर पोचली तेव्हा अडीच वाजले. आत बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील सुरू केले तरी बाहेर डीजे चालूच. वर-वधूची प्रतिज्ञा पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही. जयमंगल अष्टगाथेची तिसरी गाथा होते न होते तोच फुले टाकून लोक पंगतीकडे धावले. नवरीच्या आजीला त्या दणक्याने धडधडायला लागले, तिला शेजारच्या घरी नेऊन बसवावे लागले. नातीचे लग्न तिने पाहिलेच नाही.

संध्याकाळी गायन पार्टी होती. सहा माणसे, पेटी-ढोलकी घेऊन चार वाजल्यापासून बसलेली. माईक मिळाला नऊला. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २००० सालापासूनचा नियम आहे तो. तेव्हा तासाभरात आवरावे लागले. आणि तासभरच गायलात म्हणून बिदागी निम्मी! डीजेवाल्याला मात्र आदल्या दिवशीच रोख, पूर्ण. म्हातारे गायक काही बोलले नाहीत. पेटीला कापड गुंडाळले आणि न जेवता निघाले. आमच्यातल्या दोघी रिक्षा स्टँडपर्यंत मागे गेल्या, डबा दिला. तो त्यांनी ढोलकीवाल्या पोराच्या हातात दिला.

बंधू-भगिनींनो, हे कोण लोक आहेत? आपल्या आयांना, आज्यांना अक्षर येत नव्हते तेव्हा त्यांना बाबासाहेब कळले ते गाण्यातून. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गावोगावची पायपीट, प्रल्हाद शिंद्यांचा (१९३३–२००४) आवाज. त्याच वाटेवरचा माणूस आपल्या मांडवातून उपाशी गेला.

डीजेवर आमचा राग नाही. तीही आपलीच पोरे, कर्ज काढून धंदा करतात. तरुणांनी नाचावे, आम्हीही नाचतो. पण विधीच्या वेळी यंत्र बंद, हे सुपारी देतानाच सांगा. बंद करायला माणूस नेमा, नवऱ्यामुलाच्या मित्रांवर सोडू नका. ते हो म्हणतात आणि नाचायला जातात.

गायन पार्टी ठरवताना नुसते कॅलेंडरवरचे नाव, फोटो बघू नका. बुद्ध जयंतीला, कोणाच्या लग्नात आधी ऐका. पुष्कळदा नाव एकाचे असते आणि येतो दुसराच, म्हणून कोण येणार, किती जण, किती तास, गाडीभाडे कोणाचे, हे इसार देतानाच बोलून घ्या. गाणी सांगा. दारूची, बाईला हिणवणारी नकोत म्हणून स्पष्ट सांगा. लाजू नका, कलाकारांनाच बरे वाटते. माईक सातला द्या. आणि उशीर तुमच्यामुळे झाला तर पैसे कापायचे नाहीत. उरलेली बिदागी जेवणाआधी द्यावी, आणि जेवायला पाहुण्यांच्या पंगतीत बसवावे, शेवटी उरले-सुरले नव्हे.

ह्यात खर्च वाढतो असे पुरुष मंडळी म्हणतील. डीजेचे दोन तास कमी करा, भागते. आमच्यातल्या एका घराने मार्चमध्ये तसेच केले. विधी वेळेवर झाला, आठही गाथा नीट झाल्या. तेच म्हातारे गायक बोलावले होते. आधी येईनात, मग ती डबा देणारी बाई स्वतः घरी गेली तेव्हा आले.

पार्ट्यांची नावे, फोन आणि कोणाचा काय अनुभव, अशी एक वही आम्ही विहारात ठेवली आहे. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर येऊन पाहावी, आणि लग्न झाल्यावर आपलाही अनुभव त्यात लिहावा.

नमो बुद्धाय, जय भीम!