पाग टाकणारा हात
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'विद्येचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. त्यावर आम्ही याच व्यासपीठावरून इतक्या वेळा बोललो आहोत की ऐकणारे कंटाळले असतील. त्यांची क्षमा मागून आज निराळाच विषय घेतो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक, वैद्य नव्हे; जे सांगतो ते डॉक्टरांस विचारून आणि स्वतः पाहून.

राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापुरास येते. अंबरनाथच्या शिवालयाजवळून उल्हासनगरात जाणारी वालधुनी मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याने नासली; म्हणून तिकडच्या मंडळींचे पायही आता बदलापुराकडे वळतात. पहिला पाऊस होऊन वलगण चढू लागली की कोणास घरी राहवते? वर्षभर कचेरीत बसलेला हात मग एका रात्रीत शेकडो वेळा भिजलेला, शिशाने जड झालेला पाग उचलतो, फेकतो आणि ओढतो. दुखण्याचे मूळ या एकाच हालचालीच्या पुनरावृत्तीत आहे.

2011 च्या पावसाळ्यात आमच्या चुलतबंधूंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही मास्तरकीच्या तोऱ्यात म्हणालो, "तेल चोळा आणि चालू ठेवा; कामाने हात मोकळा होतो." त्यांनी आमचा शब्द मानला. गणपतीपर्यंत त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या सुटू लागला. पुढे उपचार झाले, परंतु पकड पूर्वीसारखी आली नाही. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही, हेच आम्हांस अधिक जाचते.

अंगठा हलविणाऱ्या कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात. अतिश्रमाने ते आवरण जाड होते आणि कंडरा त्यात घासतात. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यवैद्याने 1895 साली या विकाराचे वर्णन केले. त्याच्याही पूर्वी, 1700 साली, इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी यांनी धंद्यांपासून जडणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या पुढच्या आवृत्तीत सतत लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताचाही विचार आहे. (फळ्यावर लिहून आमचा खांदा धरला, तेव्हा आम्ही मात्र वयास दोष देत होतो!)

अंगठा मुठीत दाबून मनगट हलकेच करंगळीकडे वाकवावे. अंगठ्याच्या बाजूस तीव्र कळ आली तर पाग त्याच दिवशी खुंटीला लावावा. दुखऱ्या जागी जोराने चोळू नये. काही दिवस विसावा द्यावा व डॉक्टरांस दाखवावे. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल तर ती शिर दबल्याची खूण असू शकते. त्यासाठी मुंबई गाठावयास नको. उल्हासनगरास शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे.

दुखणे येऊच नये म्हणून जुने लोक काय करीत? ते पाग मनगटाने फेकीत नसत, कंबर वळवून सगळ्या अंगाने फेकीत. दहा-बारा फेकींनंतर विडी-तंबाखूच्या निमित्ताने बसत; तंबाखू सोडा, बसणे सोडू नका. प्रथम दिवशी थोडाच वेळ पाग टाकावा, मग वाढवावा. जाळे ओढताना दोन्ही हात लावावेत. हौसेने गळ घेऊन बसणाऱ्या तरुणांनी बारीक मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. मूठ जाड झाली की बोटे आवळावी लागत नाहीत. भरलेली बादली तळवा वर ठेवून उचलली तर कोपराच्या बाहेरच्या बाजूस ताण कमी पडतो.

गेल्या वर्षी चुलतबंधूंनी आपला पाग मुलाच्या स्वाधीन केला. आता ते काठावर दगडावर बसून फेकी मोजतात. बारा झाल्या की हाक येते, "बस रे आता!" मुलगा कुरकुरतो, पण बसतो; आणि तेवढ्यात बाप डाव्या हाताने जाळ्यातला मासा सोडवून घेतो.