यंत्र आणि मोडीचा कागद

१९९७ सालीं ‘डीप ब्लू’ या यंत्रानें बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह यास हरविलें. तरी २००५ सालीं, संगणकाचें साह्य घेण्याची मुभा असलेल्या एका स्पर्धेंत, दोन हौशी खेळाडू संगणक वापरण्याच्या कौशल्यानें ग्रँडमास्टरांच्याही पुढें गेले. यंत्रास माणसाची जोड नेहमींच लागणार, असें तेव्हां वाटलें. आज तें खरें राहिलेलें नाहीं. उत्तम यंत्राच्या खेळींत माणसानें हात घातला तर बहुधा नुकसानच होतें.

मग सर्वत्र असेंच होईल काय? खानदेशांतील एक काम पाहावें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले. गांवोगांव हिंडून त्यांनीं जमविलेल्या संग्रहाचें जतन तेथील राजवाडे संशोधन मंडळानें केलें. तसलें मोडी अक्षर वाचण्यास यंत्र आतां शिकूं लागलें आहे. २०२३ सालीं ‘कुणबी’ नोंदींच्या शोधासाठीं राज्यांत जुनीं मोडी दप्तरें उघडलीं गेलीं, तेव्हां एका शब्दाच्या वाचनावर कुटुंबाचा जातीचा दाखला अवलंबून होता. नुसत्या वाचनांत यंत्रानें उद्यां सराईत मोडीवाचकास मागें टाकलें, तर नवल नाहीं.

परंतु बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांत संपतो, आणि जयपराजय लगेच कळतो. कागद अस्सल कीं बनावट, नोंदींतला इसम तोच कीं त्याच नांवाचा दुसरा, हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें. त्यासाठीं दुसरा पुरावा लागतो; तो कदाचित् एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, अजून न सुटलेल्या रुमालांत असतो.

जेथें उत्तर तत्काळ पडताळतां येतें, तेथें यंत्र एकटेंच पुढें जाईल. जेथें पडताळा शोधून आणावा लागतो, तेथें रुमाल सोडणारा, आणि निर्णय चुकल्यास जाब देणारा, माणूस हवाच.