फास्ट म्हणजे काय रे?

अध्यक्ष महाराज, मुख्याध्यापक बाई, समोर बसलेले आमचे इंग्रजीचे सर (सर, उठू नका, पंख्याखालीच बसा) आणि मुलांनो,

मला ‘वस्त्रोद्योगातील संधी’ यावर बोलायला सांगितलंय. बोलतो. पण या पटांगणात आलं की आधी सातवी ‘ब’च आठवते. सरांनी फळ्यावर ‘फास्ट’ लिहून अर्थ विचारले. जलद, सगळे ओरडले. उपास, एकादशीवाले म्हणाले. सर म्हणाले, सगळ्यात जुना अर्थ राहिलाच की! घट्ट, पक्का. उपास म्हणजेही नेम घट्ट धरणं. आणि ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. मागच्या बाकावर आम्ही तिघं तेव्हा त्याच अर्थानं फास्ट होतो.

पुढे सोलापुरात रंगाच्या कामाला लागलो, तिथे हाच शब्द पोटाशी आला. कापडाचा रंग ‘फास्ट’ आहे का, हे आकड्यात मोजतात. धुण्याला 1 ते 5, उन्हाला 1 ते 8. आयसीआय कंपनीनं 1956 साली सुती कापडासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे धाग्यावर नुसते बसत नाहीत, त्याच्याशी रासायनिक बंध जोडतात. मिठानं रंग धाग्याकडे ओढला जातो, सोड्यानं जुळतो. पण सगळा जुळत नाही. उरलेला काढायला जवळजवळ उकळत्या पाण्यात साबणाची धुलाई द्यावी लागते. त्याला आम्ही सोपिंग म्हणतो. ऑर्डरची घाई झाली की पहिली कात्री इथेच लागते. दुकानात दोन्ही कापडं सारखीच झळकतात. फरक कळतो तो गिऱ्हाइकाच्या बादलीत.

संधींचं राहू द्या, त्या छापील मिळतात. माझं एकच म्हणणं आहे: सोपिंग चुकवू नका. गणित सुटलं? ताळा करा. निबंध झाला? परत वाचा. काम संपलं असं वाटतं ना, तिथून पुढे अर्धा तास थांबा. तुमच्या वयात पळायला सगळेच सांगतात. मी थांबायला सांगतोय. दहावीवाले, ऐकताय ना? थांबा!

पहिल्या रांगेतल्या ताई मघापासून पदर चाचपून बघतायत, म्हणून सांगतो. नवीन कपडा मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होत नाही. मीठ लागतं ते रंगवताना. नंतर त्याचा उपयोग नाही. पहिले दोन-तीन वेळा वेगळा धुवा, सुटा रंग निघून जाईल. आणि बक्षिसं लवकर वाटायला घ्या, ती लेझीमची मुलं केव्हाची ताटकळलीत.