शहराचाही संसार असतो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. मंडळाचा आग्रह मोडवला नाही म्हणून चार शब्द बोलते. नळ, टाक्या, मोटारी, रस्ते, गटारे ही सर्वांच्या मालकीची चीजवस्तू. तिचा संसार शहर कसा करते आणि त्यातून आपण पाचोडकरांनी काय घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळींच्या लेकी संभाजीनगरला दिलेल्या आहेत. तेथे नळ किती दिवसांआड येतो, हे त्यांच्या तोंडून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. आणि ते पाणी जाते आपल्याच पैठण तालुक्यातून! मग अडते कोठे?

त्या शहराला पाण्याची विद्या नवी नाही. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचे संभाजीनगर. त्याने नहरी खोदवल्या आणि डोंगराकडचे झिरपणारे पाणी जमिनीखालून गावात आणले. ना वीज, ना मोटार. पाणी उताराने येई. आपण सहलीला पाणचक्की पाहतो ना, ती पुढच्या काळातली. तिचे पाणीही हर्सूलच्या बाजूने खापराच्या नळांतून आणलेले आहे. मला कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. नहरींत उतरून गाळ काढता यावा, म्हणून जागोजाग तोंडे ठेवलेली होती. म्हणजे बांधतानाच साफसफाईचा विचार केलेला होता. पुढे शहर वाढले, नहरींवर घरे आणि रस्ते आले, आणि बहुतेक नहरी बुजल्या.

मग नाथसागर झाला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. शहर धरणापासून पन्नासएक किलोमीटर दूर आणि धरणातल्या पाण्यापेक्षा सुमारे शंभर मीटर उंच. म्हणजे पाणी उताराने जात नाही, मोटारींनी चढवावे लागते. विजेचे बिल आले, मोटारींची दुरुस्ती आली. जुना नळ ७०० मिलिमीटरचा, नंतरचा १४०० मिलिमीटरचा. माणसे वाढत गेली, नळ म्हातारे होत गेले, जागोजाग फुटू लागले. २०२० साली नवी योजना मंजूर झाली तेव्हा खर्च १६८० कोटी रुपये धरला होता. दोन-तीन वर्षांतच तो २७४० कोटींवर गेला. उशीर किती महाग पडतो, हे आपणा बायकांना कोणी शिकवायला नको. छपराला चार पत्रे वेळेवर बदलले नाहीत, तर वासेच बदलावे लागतात.

भगिनींनो, आपल्या सासवांनी तांब्या-पितळेची भांडी तीन-तीन पिढ्या वापरली. कशामुळे? कल्हईचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असत. भांडे घेताना एकदाच पैसे पडतात, ते सांभाळायला दर वर्षी पडतात. शहराचेही तसेच आहे. त्याने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. आपल्याकडे काय काय आहे आणि ते जमिनीत कोठे पुरले आहे. त्याचे वय किती आणि आज हालत काय. आणि कोणत्या साली काय बदलावे लागेल व त्याला पैसा कोठून येईल. उद्घाटनाला मांडव पडतो, हारतुरे होतात. गळका सांधा बदलल्याबद्दल कोणी हार घालत नाही, आणि म्हणूनच ते काम मागे पडते.

आता आपल्या गावाकडे वळते. पाचोड बुद्रुक असो की खुर्द, गावातली पाणीयोजना बांधून झाली, की ती चालवायचा भार ग्रामपंचायतीवर येतो. ग्रामपंचायतीला स्थावर मालमत्तेची नोंदवही ठेवावी लागते; तिला नमुना नंबर २२ म्हणतात. रस्त्यांची नोंदवही वेगळी, नमुना नंबर २३. आपल्यापैकी किती जणींनी त्या पाहिल्या आहेत? घरातले डबे आपण डोळे मिटून सांगू. गावाची टाकी शेवटची कधी धुतली, ते आपल्याला सांगता येते का?

कायद्याने प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तेथे नुसती सही करून परत येऊ नये. टाकी कधी धुतली, नळ कोठे गळतो, मोटार बिघडली तर दुसरी आहे का, दुरुस्तीसाठी किती पैसे शिलकीत आहेत, हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. “बायकांना यातले काय कळते?” असे कोणी म्हणाले तर रागावू नये. पाणी भरणारीला नाही कळायचे, तर कोणाला कळणार?

एक गोष्ट कडू लागेल, तरी बोलते. पाणीपट्टी थकवायची आणि नळाला पाणी नाही म्हणून ओरडायचे, हे बरोबर नाही. मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळ्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत तर क्षार साचून तोंडे बुजतात, हे शेतावर जाणारी प्रत्येक बाई जाणते. तेथे आपण खर्च करतो, कारण बाग आपली असते. गावाचा नळही आपलाच आहे. पट्टी भरावी आणि मग हक्काने हिशेब मागावा.

मंडळाला माझी विनंती आहे, की येत्या महिला सभेच्या आधी आपण पाच जणी मिळून ग्रामपंचायतीत जाऊ आणि ती नोंदवही पाहू. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे.